फळांवर जगणारं गिधाड

आफ्रिकेत एक गिधाड आहे जे मुख्यतः फळं खाऊन जगतं. हे मी ज्यांना ज्यांना सांगितलंय त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, म्हणजे मेलेलं खात नाही? आणि मी "फारसं नाही" म्हटलं की समोरच्याला एकदम बरं वाटतं, जणू त्या पक्ष्याबद्दल मनात असलेली काहीतरी तक्रार मिटली. माझ्या आत्याने तर सरळच म्हटलं, "चला, एक तरी गिधाड सुधारलं म्हणायचं." आत्या माळकरी आहे, तिच्या बोलण्यात त्या पक्ष्याबद्दल मायाच होती, मला माहितीये. पण ते "सुधारलं" माझ्या डोक्यातून जात नाही, आणि हे सगळं मी लिहितेय ते बरंचसं त्या एका वाक्याशी भांडायला.

पक्ष्याचं इंग्रजी नाव पाम-नट व्हल्चर. शास्त्रीय नाव जिपोहायरॅक्स अँगोलेन्सिस. योहान ग्मेलिनने १७८८ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. जुन्या जगातल्या म्हणजे आफ्रिका-आशिया-युरोपातल्या गिधाडांमध्ये हे सगळ्यात लहान, लांबी साधारण ६० सेंटीमीटर, पंखांचा पसारा दीड मीटरच्या आसपास, वजन दीड किलोच्या आगेमागे. आपल्याकडचं पांढऱ्या पाठीचं गिधाड चार-पाच किलोचं असतं, त्यावरून अंदाज येईल. मोठं झालेलं पाम-नट गिधाड दिसायला देखणं आहे हो, खरंच, डोकं मान छाती पोट सगळं पांढरंशुभ्र, पंखांवर ठळक काळा, शेपटी काळी आणि टोकाला पांढरी पट्टी, आणि डोळ्याभोवती उघडी लालसर कातडी. पिल्लू मात्र पूर्ण तपकिरी, आणि पांढरा रंग चढायला त्याला तीन-चार वर्षं लागतात. सेनेगल-गांबियापासून काँगोच्या खोऱ्यातून अँगोलापर्यंत, पूर्वेला युगांडा, केनिया-टांझानियाचा किनारा, आणि खाली दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांताचा उत्तरेकडचा भाग, एवढा त्याचा मुलूख. जंगलाच्या कडा, नदीकाठ, खारफुटी, आणि मुख्य म्हणजे ताडमाडासारखी पाम जातीची झाडं. पामची झाडं नसलेल्या ठिकाणीही ते कधीकधी दिसतं, पण तेलाचा पाम किंवा रॅफिया पाम जिथे भरपूर, तिथेच ते खरं नांदतं.

आता आधी त्या फळाबद्दल सांगते, कारण फळ कळल्याशिवाय हे गिधाड कळत नाही.

फळं खाणारा पक्षी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर वड-उंबरावरचे पोपट, तांबट, हरियाल येतात. ही सगळी गोड, रसाळ, पाणीदार फळं, आणि त्यात ताकद असते ती साखरेची. तेलाचा पाम वेगळ्याच जातीचं प्रकरण आहे. झावळ्यांच्या बगलेत मोठमोठे घड लागतात, एकेका घडात शेकडो, कधी हजारावर फळं दाटीने बसलेली, मध्ये टोकदार काटे. एकेक फळ पिकलेल्या सुपारीसारखं दिसतं, रंगही जवळपास तसाच, केशरी ते लालभडक, काही वरच्या बाजूला काळपट. आत कठीण कवचाचं बी आणि बाहेरून तंतुमय गराचा थर. या गराच्या वजनात साधारण निम्मं तेल असतं. म्हणजे हे चरबीचं फळ आहे. शिवाय त्याचा तो केशरी-लाल रंग कॅरोटीनचा, ज्याच्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, त्यामुळे पश्चिम आफ्रिकेत घरोघरी वापरलं जाणारं न शुद्ध केलेलं पामतेल लालच असतं.

हे कळलं तेव्हा माझ्या डोक्यातला अर्धा गोंधळ मिटला. मांसावर चरबीवर वाढलेल्या पक्ष्याच्या कुळातल्या कुणीतरी अचानक पेरू खायला सुरुवात केली असं काही इथे झालेलं नाहीये. गिधाडाला जे हवं असतं ते, दाट, तेलकट, पोटभरीचं, या झाडावर आयतं लटकलेलं असतं, आणि तेही घड वेगवेगळ्या वेळी पिकत असल्यामुळे जवळपास वर्षभर. पळत नाही, मारामारी करत नाही, तरसाबरोबर सिंहाबरोबर वाट बघत बसायला लागत नाही. मोठ्या पक्ष्याच्या आहारात ६० टक्क्यांहून जास्त वाटा तेलाचा पाम, रॅफिया आणि रानखजूर यांच्या फळांचा असतो अशी नोंद आहे, आणि अजून तपकिरी असलेल्या लहान पक्ष्यांच्या आहारात तर ९० टक्क्यांहून जास्त. १९५७ मध्ये लँड्सबरो थॉमसन आणि मोरो या दोन पक्षीशास्त्रज्ञांनी याच्या खाण्याच्या सवयींवर एक लेख लिहिला होता, तेव्हापासून हे फळप्रेम पुस्तकांत पक्कं बसलं. लहानांचा तो आकडा मला जास्त नवलाचा वाटतो. बहुतेक फळखाऊ पक्षी स्वतः फळं खातात आणि पिल्लांना किडे भरवतात कारण वाढत्या जिवाला प्रथिनं लागतात, आणि इथे शिकारी पक्ष्यांच्या कुळातला एक जीव लहान वयातच फळांवर जगतोय.

मी हा पक्षी पाहिला तो एंटेबीत. भाऊ कंपालात नोकरीला होता तेव्हा त्याच्याकडे गेले होते. कंपालात तुम्ही उतरलात की आधी दिसतात ते मॅरॅबू करकोचे, कचऱ्याच्या ढिगांवर, झाडांवर, इमारतींच्या गच्चीवर, मोठे टकले आणि गंभीर चेहऱ्याचे. तिथून एंटेबी तासाभराच्या अंतरावर, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, आणि तिथली ती जुनी बोटॅनिकल गार्डन १८९८ ची. उतरत उतरत पाण्यापर्यंत जाणारं गवत, मध्ये प्रचंड झाडं, कोलोबस माकडं, मोठे निळे तुराको, धनेशांचे काळे-पांढरे भाऊबंद, आणि वरून कर्कश शिट्ट्या मारत जाणारे राखाडी पोपट. हे राखाडी पोपट म्हणजे आपल्याकडे पुण्या-मुंबईत पिंजऱ्यात "आफ्रिकन ग्रे" म्हणून विकले जातात ते, आणि तेही याच पामफळांवर जगतात. त्यांना इथे मोकळं उडताना बघून मला आनंद झाला की वाईट वाटलं ते सांगता येणार नाही, दोन्ही झालं.

गिधाड एका पामच्या शेंड्यात होतं. आमच्या गाइडने दाखवलं म्हणून बरं, तो म्हणाला बरेच लोक त्याला फिश ईगल समजून पुढे जातात, कारण सरोवरावर हे मासेखाऊ गरुड भरपूर आणि दोघांच्याही अंगावर काळा-पांढरा रंग. पण एकदा नीट बघितलं की मग घोटाळा होत नाही, कारण चालच वेगळी. ते झावळीच्या देठावरून आडवं सरकत सरकत घडाच्या दिशेने चाललं होतं, पंख थोडे उघडून तोल सांभाळत, आणि मग मान वाकवून त्या काट्यांमध्ये चोच घातली, पिळल्यासारखी मान फिरवली आणि एक फळ उपटून काढलं. मग ते फळ घेऊन शेजारच्या झाडाच्या आडव्या फांदीवर गेलं, पायाखाली दाबलं, आणि चोचीने गराच्या पट्ट्या सोलून सोलून खाल्ल्या. अगदी ज्या पद्धतीने दुसरं गिधाड हाडावरून मांस काढेल त्याच पद्धतीने. पायाची पकड तीच, चोचीचा आकडा तोच, मानेचा झटका तोच. शेवटी तंतू चिकटलेलं नुसतं बी उरलं ते खाली टाकलं, जरा वेळ बसलं, चोच फांदीला पुसली आणि परत घडाकडे.

त्या फांदीखाली मी जाऊन बघितलं तर गवतात अशी बरीच बियाणं पडली होती. काही जुनी, काही ताजी, केशरी धागे अजून ओले. झाडापासून लांब नेऊन गर खाऊन बी तसंच्या तसं टाकणं म्हणजे झाडाच्या दृष्टीने उत्तम काम, आणि ते काम हा पक्षी करतो. बी मात्र त्याला फुटत नाही. ते फोडणारे वेगळे. गिनीतल्या बोसू इथले चिंपांझी हेच बी एका दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने फोडतात आणि आतला गर खातात, त्याच्यावर जपानी संशोधकांनी कित्येक वर्षं काम केलंय. वरचा गर गिधाडाला, आतला चिंपांझीला, झावळ्यांच्या बारीक पट्ट्या सुगरणीच्या भाऊबंदांना घरटी विणायला. एका झाडावर किती जणांचं चालतं.

तर आता आत्याच्या वाक्याकडे येते.

सुधारलं म्हणायचं तर आधी बिघडलेलं असायला हवं ना. गिधाडांचं कुळ असं एकच सरळ नाहीये. जुन्या जगातल्या गिधाडांच्या दोन वेगळ्या शाखा आहेत असं डीएनएच्या अभ्यासातून दिसलंय, २००५ मध्ये लर्नर आणि मिंडेल यांनी ते मांडलं. एका शाखेत आपली ओळखीची, लांब उघड्या मानेची, थव्याने मेलेल्या जनावरावर उतरणारी. दुसऱ्या शाखेत अगदी मोजकी मंडळी, आणि तीत हे पाम-नट गिधाड, आपल्या हिमालयात दिसणारं दाढीवालं गिधाड, आणि आपल्या गावांच्या आसपास दिसणारं पांढरं गिधाड म्हणजे इजिप्शियन व्हल्चर. दोन्ही शाखा एकमेकींच्या सख्ख्या बहिणी नाहीत, दोघींनी गिधाडपण वेगवेगळं कमावलंय.

या दुसऱ्या शाखेतल्या तिघांकडे बघा जरा. दाढीवालं गिधाड हाडं खाऊन जगतं, मोठं हाड उंच नेऊन खडकावर टाकतं, फुटलं की तुकडे गिळतं, आणि त्याच्या पोटातलं आम्ल ती हाडं विरघळवतं. पांढरं गिधाड शहामृगाच्या अंड्यावर चोचीने दगड आपटून ते फोडतं, आणि गुरांचं शेणसुद्धा खातं. का, तर त्याच्या चेहऱ्याचा तो पिवळाधमक रंग शेणातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे येतो, स्पेनमधल्या अभ्यासात हे सिद्ध झालंय, २००२ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आलं होतं. आणि तिसरं हे, फळावरचा तेलकट गर सोलून खाणारं. हाडातला मगज, शेणातला रंग, फळातलं तेल. दुसऱ्या कुणाला जे खाणं सुचणार नाही किंवा जमणार नाही तिथून पोट भरायचं हा या तिघांचा घराण्याचा गुण आहे, आणि मला तो फार मोठा गुण वाटतो. त्यात कोण सोवळं कोण ओवळं हे आपण आपल्या स्वयंपाकघरातून नेऊन त्यांच्यावर लादतो.

आणि हे पाम-नट गिधाड काही व्रतस्थ नाहीये. खेकडे खातं, शंख-शिंपल्यातले जीव खातं, मासे, बेडूक, टोळ, सरडे, कधी कोंबडीचं पिल्लू, आणि मेलेलं मिळालं तर तेही. भरती ओसरली की खारफुटीच्या चिखलात चालत चालत खेकडे वेचताना ते दिसतं. गिनी-बिसाऊच्या किनाऱ्यासमोर बिजागोस नावाचा द्वीपसमूह आहे, तिथल्या पोइलाँव नावाच्या इवल्याशा बेटावर हिरवी समुद्री कासवं हजारोंनी अंडी घालायला येतात, आणि दिवसाउजेडी वाळूतून वर आलेली पिल्लं समुद्राकडे धावतात तेव्हा हीच गिधाडं ती उचलतात. मला हे वाचून पहिल्यांदा धक्काच बसला, कारण कोकणात वेळासला कासव महोत्सवात ऑलिव्ह रिडलेची पिल्लं पाण्यात जाताना आम्ही किनाऱ्यावर श्वास रोखून उभे असतो आणि एखादी घार किंवा कावळा जवळ आला तर सगळे ओरडतात. पण पोइलाँवच्या गिधाडांवर राग धरून उपयोग नाही, ती तिथलीच, कासवंही तिथलीच, आणि दोघंही फार जुन्या काळापासून एकमेकांच्या हिशोबात धरलेली आहेत. फोटोखाली "शाकाहारी गिधाड" लिहून जे मेसेज फिरतात ते लिहिणाऱ्यांना हे कासवाचं पिल्लू चोचीत धरलेलं गिधाड दाखवावंसं वाटतं मला. पक्षी आपल्याला आवडावा म्हणून त्याचं निम्मं आयुष्य कापून टाकायचं, हे कसलं प्रेम.

याहून मला जास्त लागतं ते दुसरंच. एका गिधाडाला चांगलं म्हणताना बाकीच्यांना आपण मनातल्या मनात वाईट म्हणून मोकळे होतो, आणि ज्यांना वाईट म्हणतो त्यांनी आपलं जे केलंय ते विसरतो.

आत्या नाशिककडची. इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेद आहे, जटायू जिथे पडला ते ठिकाण अशी श्रद्धा आहे, तिथे ती हात जोडते, दरवेळी. त्याच जिल्ह्यात अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं अजून घरटी करतात, आणि हरसूलजवळ खोरीपाड्याला लोकांनी गिधाडांसाठी मेलेली जनावरं सुरक्षित ठेवायची जागा केलीये. पण हे उरलेसुरलेलं. माझ्या आईच्या लहानपणी गावाबाहेर जनावर टाकलं की आकाशातून गिधाडं उतरायची आणि बघता बघता सांगाडा उरायचा, ती हे अगदी सहज सांगते, त्यात विशेष काही होतं असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. मग नव्वदच्या दशकात ती नाहीशी झाली. गुरांना वेदना कमी करायला दिलं जाणारं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या अंगात राहायचं आणि ते खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००४ मध्ये हे कारण प्रसिद्ध झालं, २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटली होती. मुंबईत डुंगरवाडीला पारशी समाजाचे मृतदेह ज्यांच्या भरवशावर ठेवले जायचे ती गिधाडंच राहिली नाहीत, तिथे आरसे लावून सूर्याच्या उष्णतेचा आधार घ्यायला लागला. गावोगावी मेलेली जनावरं कुजत पडली, भटकी कुत्री वाढली. ज्याला आपण घाणेरडं म्हणत होतो तो किती मोठं काम फुकट करत होता ते तो गेल्यावर कळलं.

आफ्रिकेतही तेच चाललंय, कारणं वेगळी. गुरं मारणाऱ्या सिंहाला-तरसाला संपवायला शेतकरी विष टाकतात, आणि हस्तिदंतासाठी हत्ती मारणारे चोर मुद्दाम हत्तीच्या देहात विष घालतात, कारण आकाशात घिरट्या घालणारी गिधाडं वनरक्षकांना चोरीची जागा दाखवून देतात. २०१९ च्या जूनमध्ये बोत्सवानात अशा विष घातलेल्या तीन हत्तींजवळ ५३७ गिधाडं मेली. एका घटनेत. आफ्रिकेतल्या आठ गिधाड जातींची संख्या तीसेक वर्षांत सरासरी ६२ टक्क्यांनी घटल्याचा अभ्यास २०१५-१६ मध्ये आला होता. त्या रांगेत आपलं पाम-नट गिधाड नाही. धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीत ते अजून "फारशी चिंता नाही" या वर्गात आहे. थव्याने ते मेलेल्या जनावरावर जात नाही, त्यामुळे विषाचा मोठा घास त्याच्या वाट्याला सहसा येत नाही. पण हे त्याचं पुण्य नव्हे. कधीतरी फार पूर्वी त्याच्या पूर्वजांना तेलाची फळं मिळाली आणि ती त्यांना पचली, म्हणून आज ते वाचलंय. दुसऱ्यांना नाही मिळाली, ते मेलेल्यावर राहिले आणि आम्ही त्या मेलेल्यात विष कालवलं. यात सुधारायचं असेल तर कुणी, हे मी आत्याला विचारलं. ती काही बोलली नाही, पण नंतर तिने तो पक्ष्याचा फोटो परत मागून घेऊन बराच वेळ बघितला.

झाडाचं सांगायचं राहिलं. ते झाड आता आफ्रिकेचं एकट्याचं राहिलेलं नाही. १८४८ मध्ये चार रोपं जाव्यातल्या बोगोरच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये लावली गेली, आणि तिथून पुढे सुमात्रा, मग १९१७ मध्ये मलायात सेलांगोरला पहिला व्यापारी मळा, आणि आज इंडोनेशिया-मलेशियात क्षितिजापर्यंत एकच झाड. गंमत म्हणजे झाड नेलं पण त्याचं परागण करणारा सोंडकिडा आफ्रिकेतच राहिला होता, त्यामुळे मलेशियात बराच काळ मजूर लावून हाताने परागण करायला लागायचं, शेवटी १९८१ मध्ये कॅमेरूनमधून तो किडा आणून सोडला आणि उत्पादन वाढलं. किड्याला नेलं कारण किड्याचा उपयोग होता. गिधाडाला कोण नेणार. तिथल्या मळ्यांत उंदीर मारायला घुबडांसाठी पेट्या लावतात, पण घडावर बसून गर सोलणारं पांढरं-काळं गिधाड तिथल्या एकाही झाडावर नाही.

आणि त्या तेलातलं सगळ्यात जास्त तेल विकत घेणारा देश म्हणजे आपण. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्रात रेशनवर शंभर रुपयांत "आनंदाचा शिधा" मिळाला, रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. कित्येक घरांची चकली-शंकरपाळी त्या तेलात तळली गेली. बिस्किटात, वेफर्समध्ये, फरसाणात, साबणात, सगळीकडे तेच फळ आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ११,०४० कोटींची योजना आणली, ईशान्य भारतात आणि अंदमानात पामची लागवड वाढवायची. माझं स्पष्ट मत सांगते, जंगल तोडून किंवा जंगलाला खेटून ही लागवड करणं मला पटत नाही. हे झाड वाईट नाही, आफ्रिकेत बाकीच्या झाडांबरोबर उभं असतं तेव्हा त्याच्यावर अर्धं रान जगतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण परक्या मातीत एकट्याने ओळीत उभं केलं की त्याच्या फळांवर जगणारे त्याच्याबरोबर येत नाहीत, आणि आधी तिथे राहणारे निघून जातात. मिझोराममध्ये झालेल्या अभ्यासातही पामच्या मळ्यात जंगलातले पक्षी फारच कमी आढळले होते.

पण माणसाने लावलेल्या पामने या गिधाडाचं एकदा भलंही केलंय, आणि ती गोष्ट मला फार आवडते. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नातालच्या किनाऱ्यावर म्तुन्झिनी नावाचं गाव आहे. त्याच्या उत्तरेला, मोझांबिकच्या सीमेलगत, कोसी बे, तिथे रॅफिया पामची एक जात मुळातली. या रॅफियाची पानं प्रचंड, आठ-दहा मीटरची, आणि झाड वीस-तीस-चाळीस वर्षं नुसतं वाढत राहतं, मग आयुष्यात एकदाच फुलतं, फळतं आणि मरतं. फळ तपकिरी, चकचकीत, खवल्या-खवल्यांच्या कवचाचं, आणि खवल्यांखाली तेलकट गराचा पातळ थर. १९१६ च्या सुमारास कोसी बेचं बी आणून म्तुन्झिनीत ही झाडं लावली, उद्देश काय तर पानांच्या तंतूंपासून झाडू बनवायचे, तुरुंगातल्या कैद्यांच्या हातून. तो झाडूंचा धंदा काही चालला नाही. झाडं मात्र वाढली, फळली, त्यांचं बी आजूबाजूच्या दलदलीत रुजलं, आणि १९४२ मध्ये त्या राईला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. आणि पाम-नट गिधाडं तिथे येऊन राहिली, घरटी करायला लागली. कोसी बेपासून सुमारे अडीचशे किलोमीटर खाली, जिथे त्यांचं हे फळ त्याआधी नव्हतंच. दक्षिण आफ्रिकेत हा पक्षी एकूणच दुर्मिळ, मोजक्याच जोड्या, आणि त्यातल्या काही या माणसाने लावलेल्या राईत. तिथे आता लाकडी पायवाट केलीये, लोक मुद्दाम बघायला जातात.

वर्षाला एकच अंडं घालतात ही. उंच झाडावर काटक्यांचं मोठं घरटं, पांढरं अंडं त्यावर चॉकलेटी डाग, दीड महिना उबवायचं, मग पिल्लू तीन महिने घरट्यात. म्हणजे एवढा सगळा खटाटोप करून वर्षाला फार तर एक पिल्लू उडणार, तेही तपकिरी, आणि जोडी जमवायच्या वयाला यायला अजून काही वर्षं. आज संख्या बरी आहे म्हणून निर्धास्त राहण्यासारखं हे गणित नाही. जुनी उंच झाडं गेली की घरट्याची जागा जाते, खाली पाम कितीही असोत.

तुमच्यापैकी कुणी कामानिमित्त, फिरायला, मुलांकडे वगैरे युगांडा, घाना, गांबिया किंवा डर्बनच्या बाजूला जाणार असाल तर याच्यासाठी एक सकाळ ठेवा. बाकीच्या गिधाडांसारखं हे ऊन तापून हवा वर चढायची वाट बघत नाही, पंख मारत लवकर कामाला लागतं, त्यामुळे उजाडल्या उजाडल्या जा. एंटेबीच्या बागेत पाण्याच्या बाजूची पामची झाडं बघा, म्तुन्झिनीत रॅफियाची राई. पांढरा पक्षी दिसला की फोटो काढून लगेच पुढे जाऊ नका, खाताना दिसला तर काय खातोय ते नीट बघा, फळ असेल तर कोणत्या झाडाचं, खेकडा असेल तर खेकडा, मेलेलं असेल तर मेलेलं, आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना तेही लिहा. त्याच्या खाण्याबद्दलची माहिती अजूनही अशा विखुरलेल्या नोंदींमधूनच जमा होतेय.